प्लिमथचं सामाईक कोठार कुणाच्या अटीवर उभं होतं?

अमेरिकेतल्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीच्या धर्मनिष्ठ वसाहतकऱ्यांनी सामाईक शेती करून पाहिली आणि ती फसली, असं नेहमी सांगितलं जातं. फसली हे खरं. पण ती कल्पना त्यांच्या धर्मातून आलेली नव्हती, ते करारातलं कलम होतं.

इंग्लंडच्या चर्चपासून फुटलेली ही मंडळी अकरा वर्षं हॉलंडमधल्या लायडनला राहिली. समुद्रापार जायला पैसा नव्हता, तो लंडनच्या व्यापाऱ्यांनी घातला. करार असा: सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाचा १० पौंडांचा एक शेअर. सात वर्षं सगळी कमाई एका कोठारात, अन्नवस्त्र त्यातूनच, शेवटी सगळ्याची वाटणी. घर आणि परसातली जमीन वाटणीबाहेर ठेवा, आठवड्यातले दोन दिवस आमच्या कामाला द्या, एवढंच लायडनकर मागत होते. व्यापाऱ्यांनी दोन्ही गोष्टी नाकारल्या. मग इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरात लायडनकरांनी करारावर सही केली नाही. पुढचा पैसा थांबला, आणि बंदरातली देणी भागवायला सुमारे ६० पौंडांचा माल विकावा लागला. त्यात बरंचसं लोणी होतं.

त्यांना अमेरिकेला नेणाऱ्या मेफ्लॉवर जहाजावरच्या १०२ प्रवाशांपैकी जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. १६२१ च्या नोव्हेंबरात फॉर्च्यून जहाजातून तोच करार पुन्हा आला. सोबत ३५ नवी माणसं, शिधा जवळजवळ नाहीच. या वेळी सही झाली. परतीच्या जहाजात लाकडी फळ्या आणि बीव्हर-ऑटरची कातडी भरली, जवळपास ५०० पौंडांचा माल. तो वाटेत फ्रेंचांनी लुटला.

१६२३ मध्ये गव्हर्नर ब्रॅडफर्डने मक्यासाठी प्रत्येक कुटुंबाला माणशी हिशेबाने जमीन दिली. मालकी नव्हे, फक्त कसायला. तरी बायका-मुलंही पेरणीला शेतात उतरली. दुसऱ्याच्या बायकामुलांसाठी फुकट राबायचं, ही तरुणांची तक्रार तिथे मिटली.

व्यापाऱ्यांचे शेअर १८०० पौंडांना विकत घ्यायचं १६२६ मध्ये ठरलं: वर्षाला २०० पौंड, नऊ हप्ते. वसाहतीतल्या ब्रॅडफर्ड, स्टँडिश, ॲलर्टन अशा आठ जणांनी लंडनच्या चौघांसह ते कर्ज अंगावर घेतलं. बदल्यात सहा वर्षं व्यापाराचा मक्ता, आणि प्रत्येक भागधारकाकडून वर्षाला ३ बुशेल (धान्याचं माप) मका किंवा ६ पौंड वजनाचा तंबाखू. केनेबेक नदीवर कातडी भरपूर मिळाली, पण ॲलर्टनने स्वतःचा माल वसाहतीच्या मालात मिसळला आणि हिशेब गुंतत गेला. कर्ज फिटायला १६४० चं दशक उजाडलं. शेवटच्या रकमेसाठी ब्रॅडफर्ड आणि स्टँडिश यांना स्वतःच्या जमिनी द्याव्या लागल्या.