वाशी-ठाणे मुक्काम: बेड नंतर, जिना आधी बघा

भावाची ऑनलाइन परीक्षा नवी मुंबईत महापेला आणि लगेच ठाण्यात चुलतबहिणीचा साखरपुडा, म्हणून साताऱ्याहून आई, भाऊ आणि मी निघालो. एक मुक्काम वाशी सेक्टर 17 ला, पुढचा ठाणे स्टेशनजवळ पश्चिमेला. महापेचं सेंटर आलं असेल तर वाशी बरं पडतं, कोपरखैरणे नाहीतर घणसोलीला उतरून रिक्षा करायची, आणि ट्रान्सहार्बर लोकलने ठाणंही सरळ. एपीएमसी म्हणजे घाऊक बाजाराच्या बाजूला रूम स्वस्त दिसतात पण रात्रभर ट्रकची ये-जा असते, परीक्षेच्या आदल्या रात्री कशाला तो ताप.

वाशीला चेक-इन करताना काउंटरवरच्या पोराने भरलेल्या लॉबीत खणखणीत आवाजात रूम नंबर सांगितला. आजूबाजूच्या सगळ्यांना नंबर कळला, म्हणून मी तिथल्या तिथे दुसरी रूम मागितली आणि नंबर कागदावर लिहून दे म्हटलं. भाऊ वैतागला, पण सोबत आई असेल किंवा बाईमाणूस एकटी असेल तर असला चिवटपणा करायचाच. मजला मी दुसरा-तिसरा मागते, तळमजल्याला खिडकीतून कोणीही डोकावतं आणि फार वर गेलं की फायर ब्रिगेडची शिडी पोचेलच असं नाही. दाराला आतून कडी आणि आयहोल, म्हणजे बाहेर कोण आहे ते बघायचं भोक, आहे का बघायचं, कडी हलत असेल तर रूम नको.

आता ठाण्याचं. बुकिंग केलेलं लॉज फोटोत झकास, टाइल्स नव्या, एसी थंडगार. मी बॅग ठेवायच्या आधी आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा जिना शोधायला गेले तर तिथे गाद्यांची थप्पी आणि खालच्या दाराला कुलूप! मॅनेजर म्हणे, 'अहो ताई, इथे आजपर्यंत काही झालं नाही.' आईसुद्धा म्हणाली एकच रात्र आहे, राहू दे. पण आम्ही निघालोच, लग्नसराईमुळे जरा पायपीट झाली आणि दुसरीकडे पैसेही जास्त गेले, तरी मला पटलं.

चोरी होते हो, पण मला खरी भीती धुराची वाटते. मुंबईत कमला मिलमधल्या पबची आग आठवा, डिसेंबर 2017, 14 जण गेले, त्यातले बरेच टॉयलेटमधे आसरा घेतलेले, ते भाजून नाही, गुदमरून गेले. म्हणून रूमच्या दारापासून जिन्यापर्यंत मधे किती दारं लागतात ती मोजून ठेवायची, धुरात लाइट जाते तेव्हा भिंतीला हात लावत तेवढीच दारं मोजत जाता येतं. लिफ्ट अजिबात नाही. दार गरम लागलं तर उघडायचं नाही, ओला टॉवेल फटीत कोंबून खिडकीशी जायचं आणि 101 किंवा 112 ला फोन करून नक्की कुठल्या मजल्यावर आहोत ते सांगायचं. महाराष्ट्रात 2006 चा फायरचा कायदा आहे, त्यात मालकाला दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म द्यावा लागतो, तो बघायला मागा. दाखवतीलच असं नाही, पण मागितल्यावर चेहरा कसा होतो त्यावरून बरंच कळतं.

रात्री रूमच्या फोनवर 'रिसेप्शनवरून बोलतोय, पेमेंट अडकलंय, ओटीपी सांगा' असं आलं तर ठेवून द्या आणि स्वतः खाली जाऊन विचारा. नेटवर दिसलेल्या नंबरवर ॲडव्हान्सही पाठवू नका, कधीकधी तो नंबर हॉटेलचा नसतोच.

आणि आधार. मास्क्ड आधार डाउनलोड करून न्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. झेरॉक्सवर आडवं हॉटेलचं नाव आणि तारीख लिहून द्यायची. वाशीच्या पोराने आधी पूर्ण कार्डच पाहिजे म्हणून कुरकुर केली, व्हॉट्सॲपवर फोटो टाका म्हणाला, मी टाकला नाही, शेवटी मास्क्डवर एन्ट्री झाली.