गाडीत विविध भारती लागत नाही? आधी एरिया सेटिंग बघा

सासऱ्यांच्या जुन्या वॅगनआरमध्ये नवीन टचस्क्रीन स्टिरिओ बसवला, दुकानदाराने ऑटो सर्च मारून दिला आणि ९१.१, ९३.५, ९८.३ सगळं एकदम खणखणीत लागलं. सासरे दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "जावईबापू, ते सगळं ठीक आहे हो, पण माझं १०१ कुठंय?" पुण्यात १०१ म्हणजे विविध भारती, आणि ती काही केल्या मिळेना. १००.९ वर फसफस, १०१.१ वर पण फसफस, मधे थांबतच नाही. दुकानदाराचं मत असं की काका आता रेडिओ कोण ऐकतं, ब्लूटूथ लावा. हे त्याने सासऱ्यांसमोर बोलायला नको होतं, असो.

तर गोम अशी आहे की या स्टिरिओंमध्ये एरिया किंवा रीजन म्हणून एक सेटिंग असतं आणि बरेचदा ते यूएसएवर असतं. अमेरिकेत एफएम ०.२ च्या उडीने चालतं, म्हणजे ९१.१ नंतर डायरेक्ट ९१.३, पॉइंटनंतर कायम विषम आकडा. आपल्याकडची वर सांगितलेली प्रायव्हेट स्टेशनं योगायोगाने विषमवरच आहेत त्यामुळे ती मस्त लागतात आणि कुणाला संशयच येत नाही. अडकतं ते १०१.० आणि विद्यापीठाचं विद्यावाणी, १०७.४. एएमचं, म्हणजे मीडियम वेव्हचं, तर अजून वाईट, तिकडे १० किलोहर्ट्झची उडी आणि आपल्याकडे ९ ची, त्यामुळे आकाशवाणी पुण्याचं ७९२ नेमकं कधी पकडतच नाही, ७९० नाहीतर ८००. सेटिंगमध्ये इंडिया असेल तर ते घ्या, नसेल तर युरोप घ्या, काम होतं. काही मॉडेलला हे सेटिंग स्टिरिओ बंद करून सोर्सचं बटण दाबून धरल्यावरच दिसतं, मॅन्युअल फेकू नका.

आणि हे सगळ्यात आधी करा, कारण एरिया बदलला की सेव्ह केलेली स्टेशनं बहुतेक वेळा उडतात.

मग सेव्ह करणं सोपं आहे, स्टेशन लावायचं आणि १ ते ६ पैकी एक नंबर बीप वाजेपर्यंत दाबून धरायचा, नुसता टच केला तर उलट जुनं स्टेशन लागतं. ऑटो स्टोअर मला अजिबात आवडत नाही, ते सिग्नलच्या जोरावर भरतं आणि आधी मनासारखं लावलेलं सगळं पुसून टाकतं. बहुतेक स्टिरिओत एफएम१, एफएम२, एफएम३ अशा तीन बँका असतात, प्रत्येकात सहा जागा, लोक पहिली भरतात आणि बाकीच्यांकडे ढुंकून बघत नाहीत. आम्ही एफएम१ पुण्याला दिली आणि एफएम२ कोल्हापूरच्या रस्त्याला, कारण सासूबाईंचं माहेर तिकडे, जाणं-येणं असतंच. त्यात पहिलं सातारा आकाशवाणी १०३.१, मग कोल्हापूर आकाशवाणी १०२.७, मग टोमॅटो ९४.३. खंबाटकी घाटात पुण्याचं एफएम मान टाकतं तेव्हा ड्रायव्हरने आकडे शोधत बसायचं नाही, शेजारच्याने एक बटण दाबायचं. एएमवर ७९२ आणि सांगलीचं १२५१ टाकून ठेवलंय, मीडियम वेव्ह लांबपर्यंत साथ देते, खरखर असते पण सासऱ्यांना ती चालते.

अजून एक, गाडी बंद करून चालू केली की स्टेशनं रोज गायब होत असतील तर स्टिरिओ खराब नाही, वायरिंग बघा. पिवळी वायर कायम बॅटरीची, तिच्यावर मेमरी टिकते, आणि लाल चावी फिरवल्यावरची. पिवळीला पण चावीचाच करंट दिला असेल तर प्रत्येक वेळी पाटी कोरी. आणि सगळीच स्टेशनं मरतुकडी येत असतील तर निळी वायर विचारा, अँटेनात बूस्टर असेल तर त्याला करंट तिथून जातो आणि घाईत बसवणारे ती तशीच टेप लावून सोडतात. स्वस्तातला मोबाईल चार्जर पण एकदा काढून बघा, त्याच्यामुळे एफएमवर भयंकर किरकिर येते.

सर्व्हिसिंगला बॅटरी काढतात तेव्हा बऱ्याच स्टिरिओंची मेमरी जाते, म्हणून तिन्ही बँकांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवलाय. सासऱ्यांनी तरी वेगळा कागद लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला, पीयूसीच्या पाकिटात.