कोच बदलला, आता सामना कसा बघायचा

भारतीय हॉकी संघाचा कोच बदलल्याची बातमी आली की भुसावळ-जळगावकडच्या हॉकीवाल्यांत पहिला सूर ठरलेला असतो: "भो, परदेशी कोच कसाले पायजे? आपला मानूस काय वाईट शे?" त्यावर लगेच कुणीतरी जुन्याच कोचला परत बोलवायचा आग्रह धरतो. मग नव्या कोचची पहिली स्पर्धा येते. जिंकलो तर तो देव, हरलो तर त्याला हाकला.

पहिल्या सहा-आठ महिन्यांत स्कोअरबोर्डवरून कोच ओळखता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. तो मैदानावर ओळखता येतो, पण त्यासाठी चेंडूवरची नजर काढावी लागते.

निकाल कसे फसवतात ते बघा. टोकियो ऑलिंपिकमध्ये तेव्हाचे कोच ग्रॅहम रीड यांचा संघ ऑस्ट्रेलियाकडून १-७ हरला. त्या दिवशी रीडला शिव्या घालणाऱ्यांनीच पुढे जर्मनीविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून ५-४ जिंकून आणलेलं कांस्यपदक साजरं केलं. जानेवारी २०२३ च्या घरच्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध ३-१ आघाडी घेऊनही सामना शूटआउटमध्ये गेला, आपण हरलो, संयुक्त नववे आलो आणि रीड यांनी राजीनामा दिला. मार्चमध्ये राउरकेलाच्या प्रो लीगमध्ये हंगामी प्रशिक्षकांच्या हाताखाली याच संघाने विश्वविजेत्या जर्मनीला दोनदा हरवलं. हंगामी मंडळी रीडपेक्षा थोर होती असं त्यावरून कुणी म्हणणार नाही. दडपण उतरलं होतं आणि खेळाची घडी रीड यांचीच होती. मग नवे कोच म्हणून क्रेग फुल्टन आले. एप्रिल २०२४ मध्ये पर्थला ऑस्ट्रेलियाने मालिका ५-० अशी घेतली आणि इकडे पुन्हा आरडाओरडा झाला. चार महिन्यांनी पॅरिसमध्ये त्याच ऑस्ट्रेलियाला आपण ३-२ हरवलं, ऑलिंपिकमध्ये १९७२ नंतर पहिल्यांदा. २०२५ च्या जूनमध्ये युरोपात लागोपाठ सात सामने गमावले आणि सप्टेंबरमध्ये राजगीरला कोरियाला ४-१ ने हरवून आशिया चषक जिंकला.

मग बघायचं काय? सगळ्यात आधी प्रेस, म्हणजे समोरच्याकडे चेंडू असताना त्याला दाबायची मांडणी.

प्रतिस्पर्ध्याचा फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, स्वतःच्या सर्कलजवळून (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाजवळून) फ्री हिट घ्यायला उभा राहतो, जुने खेळाडू आजही त्याला सोळा यार्ड म्हणतात. त्या क्षणी आपला सगळ्यात पुढचा फॉरवर्ड कुठे आहे ते पाहा. तो समोरच्यांच्या २३ मीटर रेषेच्या आत घुसून उभा असेल तर फुल प्रेस. मध्यरेषेच्या आसपास थांबला असेल तर हाफ कोर्ट प्रेस. रीड यांच्या काळात संघ वर चढून दाबायचा. फुल्टन यांचा भर आधी बचाव घट्ट करण्यावर, चेंडू हिसकावला की मग झपाट्याने पुढे जाण्यावर. ही मांडणी बदलताना पहिल्या काही महिन्यांत ठरलेली चूक होते: तिघे फॉरवर्ड दाबायला धावतात, मिडफिल्ड जुन्या सवयीने मागेच राहतं आणि मधे वीस-पंचवीस मीटरचं मैदान मोकळं पडतं. समोरचा संघ त्या पोकळीत एक पास टाकतो आणि आपले चार बचावपटू त्यांच्या पाच जणांसमोर उघडे पडतात. टीव्हीवर मात्र शेवटचा टॅकल चुकलेला फुलबॅकच दिसतो आणि शिव्या त्यालाच बसतात.

आपल्याकडची दुसरी तक्रार, "नुसते मागे मागे पास देतात, घाबरतात." खानदेशात बहुतेकांनी हॉकी मुरमाच्या नाही तर काळ्या मातीच्या मैदानावर पाहिलेली आहे. तिथे चेंडू उसळतो, पास भरवशाचा नसतो, म्हणून चेंडू काठीला चिकटवून चौघांना चकवणारा तो मोठा खेळाडू. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू माणसापेक्षा कितीतरी वेगाने पळतो. एका फुलबॅककडून दुसऱ्याकडे, तिथून उलट्या बाजूच्या हाफकडे, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूकडे, चेंडू फिरवला की समोरच्याची प्रेस त्याच्यामागे सरकते आणि सरकताना कुठेतरी फट पडते. मागे पास दिला म्हणून चिडू नका, तो किती वेगाने दिला ते बघा. चेंडू घेताना थांबवून, मान वर करून, मग दुसरा पास दिला तर फट बुजते. घेतानाच अंग वळलेलं असेल तर समजा, सराव झालेला आहे. दोन फुलबॅक एका रेषेत उभे राहून आडवा पास देत असतील तर तो धोका. एक जण दोन-तीन पावलं मागे हवा, नाहीतर मधला पास तुटला की थेट गोलकीपरवर संकट.

सामना बघताना जवळ एक कागद ठेवा. चार क्वार्टरच्या चार ओळी, चार रकाने: आपण सर्कलमध्ये किती वेळा ताबा ठेवून शिरलो, ते किती वेळा शिरले, आपले पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीवर मिळणारी गोलची संधी), त्यांचे पेनल्टी कॉर्नर. लागोपाठ पाच-सहा सामन्यांत हरत असूनही दुसरा आणि चौथा रकाना कमी होत असेल तर नव्या कोचची घडी बसते आहे. जिंकत असूनही ते वाढत असतील तर गोलकीपर संघाला वाचवतो आहे, आणि ते फार दिवस चालत नाही.

पेनल्टी कॉर्नरवर कोचचा ठसा सगळ्यात स्पष्ट दिसतो. पहिला फटका हिट असेल तर चेंडू गोलमधल्या ४६० मिलिमीटरच्या फळीच्या वर जाऊन चालत नाही, काठीने ओढत नेऊन फेकलेल्या ड्रॅग फ्लिकला ती मर्यादा नाही, म्हणून सगळं फ्लिकरभोवती फिरतं. पण फ्लिकर म्हणजे साखळीची शेवटची कडी. बॅकलाइनवरून चेंडू ढकलणारा आणि सर्कलच्या टोकावर थांबवणारा, या दोघांत वीतभर फरक पडला तरी फ्लिकरची पावलं चुकतात आणि फ्लिक पहिल्या रशरच्या, म्हणजे ती अडवायला धावणाऱ्या बचावपटूच्या, पायावर जाते. घरच्या विश्वचषकात आपला मुख्य फ्लिकर हरमनप्रीत सिंगच्या नावाने ओरड झाली, पॅरिसमध्ये त्याच हरमनप्रीतने १० गोल केले. दर चार कॉर्नरला एक गोल निघत असेल तर काम उत्तम चाललं आहे असं मी मानतो. नव्या कोचकडून मला दोन गोष्टी हव्या असतात: हरमनप्रीत बाकावर असताना दुसरा फ्लिकर तयार आहे का, आणि थेट फ्लिक सोडून बाजूला सरकवायच्या किती चाली आहेत.

बचावातही तसंच. गोलकीपर धरून पाच जण, त्यातला पहिला रशर मास्क आणि गुडघ्याचे पॅड लावून सरळ फ्लिकच्या वाटेत धावतो. पॅरिसमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्ध १७ व्या मिनिटाला आपला पहिला रशर अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. दहा जणांनी सामना १-१ असा रोखला आणि शूटआउट ४-२ जिंकला. ती शिस्त सरावाशिवाय येत नाही. पण उपांत्य फेरीत जर्मनीसमोर तोच पहिला रशर बंदीमुळे बाहेर होता आणि जर्मनीचा पहिला गोल कॉर्नरवरच आला.

आता परदेशी की आपला. आपल्या हरेंद्र सिंग यांनी २०१६ मध्ये लखनौला ज्युनियर विश्वचषक जिंकून दिला. २०१८ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून १-२ हार झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांना काढलं. पॉल व्हॅन अॅस परदेशी, तेही २०१५ मध्ये काही महिन्यांतच गेले. खरी इजा कोच कुठल्या वेळी बदलतो त्याने होते. सप्टेंबर २०१७ मध्ये पुरुष संघाचे कोच ऑल्टमन्स गेले, महिला संघाकडून त्यांचे कोच मरिने यांना उचलून पुरुषांकडे आणलं, मे २०१८ मध्ये मरिने आणि हरेंद्र यांची अदलाबदल केली, एप्रिल २०१९ मध्ये रीड आले. दोन वर्षांच्या आत चार कोच, आणि मधेच घरचा विश्वचषक. प्रत्येक वेळी मिडफिल्डरला कुठे उभं राहायचं हे नव्याने शिकावं लागलं. राग काढायचाच तर अशा तारखांवर काढावा, आणि महासंघाला विचारावं की करार ऑलिंपिकपर्यंतचा आहे की पुढच्या पराभवापर्यंतचा. महिला संघात डिसेंबर २०२५ मध्ये हरेंद्र यांनी राजीनामा दिल्यावर मरिनेच परतले. टोकियोत त्यांनी मुलींना चौथ्या स्थानापर्यंत नेलं होतं, म्हणून आनंद स्वाभाविक आहे. पण तो संघ आता बराच बदललेला आहे, तेव्हा त्यांनाही पहिल्या स्पर्धेवरून तोलू नका.

एक सोय आपल्याकडे आहे, ती वापरा. राउरकेला मुंबई-हावडा मार्गावरच आहे. भुसावळहून गीतांजली किंवा हावडा मेल धरली की गाडी न बदलता तिथे पोहोचता येतं. बिरसा मुंडा स्टेडियममध्ये तिकीट काढताना मध्यरेषेच्या जागांमागे लागू नका. गोलपोस्टच्या मागची, वरच्या रांगेतली जागा घ्या. तिथून दहाही खेळाडू एकदम दिसतात, प्रेस कुठे फाटते ते कळतं, आणि कॅमेऱ्यात न येणारी बाकावरची बदल्यांची घाईही दिसते. फॉरवर्ड किती मिनिटांनी बाहेर येतात ते घड्याळ लावून टिपा. चौथ्या क्वार्टरमध्ये तेच तिघे बराच वेळ आत राहिले आणि धावणं मंदावलं, तर कोचचा बाकावरच्या पोरांवर अजून विश्वास बसलेला नाही.