पहिल्या दहात रनिंग बॅक घ्यायचा का? आधी लाइन मोजा

अमेरिकेत गुरुवारी रात्री आठला एनएफएल ड्राफ्टचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या टीम कॉलेजचे खेळाडू नंबरवार निवडतात त्या कार्यक्रमाचा, पहिला राउंड सुरू होतो, तेव्हा बडोद्यात शुक्रवारची पहाट असते, साडेपाच. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या कितीतरी मराठी घरांतलं कुणी ना कुणी न्यू जर्सीत असतं. न्यूयॉर्क जायंट्स या टीमचं स्टेडियम तिथेच, ईस्ट रदरफर्डला. दक्षिण जर्सीत उतरलात तर सगळे फिलाडेल्फिया ईगल्सवाले. म्हणून सकाळच्या चहाला फॅमिली ग्रुपवर ठरलेला वाद पेटतो. एवढा पळणारा पोरगा समोर असताना आपल्या टीमने सोडला कसा? आणि घेतला असेल, तर घेतला कशाला?

माझं मत सरळ आहे. पहिल्या दहा पिकांत, म्हणजे निवडींत, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) घेऊ नये. बारापासून पुढे, टीमची बाकीची घडी बसलेली असेल तर घ्यावा. रनिंग बॅक कुचकामी असतो असं यात कुठेही नाही. प्रश्न त्या नंबरच्या किमतीचा आहे.

आपल्याला आयपीएलच्या लिलावाची सवय. तिथे भाव माणसाला चिकटतो: आपला हार्दिक पंड्या 2015 मध्ये 10 लाखांना गेला, पुढच्या वर्षी कृणाल 2 कोटींना. ड्राफ्टमध्ये भाव नंबरला चिकटतो. 2011 च्या करारापासून नव्या खेळाडूचा पगार तो कितव्या नंबरवर निवडला गेला यावर जवळपास ठरूनच येतो. चार वर्षांचा करार, आणि पहिल्या राउंडमधल्यांसाठी पाचव्या वर्षाचा पर्याय टीमच्या हातात. तुम्ही दुसऱ्या नंबरवर क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) घ्या, टॅकल (पुढच्या पाच अडवणाऱ्यांच्या लाइनमधला टोकाचा) घ्या नाहीतर रनिंग बॅक घ्या, बिल तेवढंच.

आता 2018 चा हिशेब मांडा. जायंट्सनी दुसऱ्या नंबरवर सेक्वॉन बार्कली घेतला. चार वर्षांचे सुमारे 3 कोटी 12 लाख डॉलर, म्हणजे वर्षाला 78 लाख. एकही डाव न खेळता तो लीगमधल्या सगळ्यात महागड्या रनिंग बॅकांच्या पहिल्या पाचांत जाऊन बसला. म्हणजे तो अगदी अव्वल निघाला तरी टीमची बचत जेमतेम, आणि साधारण निघाला तर तोटा. त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या नंबरवर बफेलोने जॉश ॲलन घेतला, चार वर्षांचे साधारण 2 कोटी 12 लाख. त्याच वर्षी मॅट रायनने अटलांटाशी सही केली ती वर्षाला 3 कोटींवर. चांगला क्वार्टरबॅक बाजारातून आणायचा तर हा दर, आणि बफेलोला तो पडला वर्षाला 53 लाखांत. उरलेल्या पैशांत दोन टॅकल आणि एक पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) बसतो. सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची मर्यादा, सगळ्यांना सारखीच, त्यामुळे अशी बचत हीच खरी कमाई.

करार संपलेल्या खेळाडूला टीम एक वर्ष ठरलेल्या पगारावर धरून ठेवते, त्या फ्रँचाइज टॅगचे आकडेही हेच सांगतात. 2023 मध्ये क्वार्टरबॅकचा टॅग 3 कोटी 24 लाखांचा होता, रनिंग बॅकचा 1 कोटी 91 हजारांचा. त्याच्या खाली फक्त चेंडूला लाथ मारणारे किकर आणि पंटर.

आता दुसरा मुद्दा, आणि इथे वाद जास्त होतो: यार्ड नक्की कोणाचे?

आउटसाइड झोनचा, म्हणजे बाहेरच्या अंगाने धावण्याचा, एक डाव जवळून बघा. स्नॅप झाला, म्हणजे लाइनच्या मधल्या सेंटरने चेंडू मागे दिला, की पाचही लाइनमन एकाच दिशेला, एकदम, आडवं पाऊल टाकतात. बॅक चेंडू घेऊन टॅकलच्या बाहेरच्या अंगाकडे झेपावतो. आधी कडेचा बचावपटू बघायचा: तो आत ओढला गेला असेल तर बाहेरून वळसा, बाहेर ताणला गेला असेल तर त्याच्या आतल्या माणसाकडे नजर, तोही ताणला गेला असेल तर एकच कट मारून सरळ वर. हा निर्णय तिसऱ्या-चौथ्या पावलापर्यंत झाला पाहिजे. दोनदा कट मारणारा पोरगा कॉलेजात हायलाइट देतो, इथे मागून पकडला जातो. पण या सगळ्याच्या आधी सेंटरने समोरच्या बचावातल्या टॅकलच्या पुढे पाऊल काढून त्याला अडवलेलं असावं लागतं. सेंटर तिथे हरला की बॅकला लाइनच्या मागे दोन यार्डांवरच धडक बसते, मग त्याची नजर कितीही तेज असो. म्हणून नुसते यार्ड बघू नयेत. धडक बसण्याआधी किती मिळाले आणि धडकेनंतर किती, हे वेगळं काढावं. पहिला आकडा बराचसा लाइनचा, दुसरा त्याचा स्वतःचा.

बार्कलीचंच घ्या. 2023 मध्ये जायंट्सकडून 247 कॅरी (चेंडू घेऊन मारलेल्या धावा), 962 यार्ड, सरासरी 3.9. 2024 मध्ये ईगल्सकडून 345 कॅरी, 2,005 यार्ड, सरासरी 5.8, वर सुपर बोल, म्हणजे लीगचं विजेतेपद. माणूस तोच, वय एकाने वाढलेलं. पुढे उभे होते जॉर्डन मायलाटा आणि लेन जॉन्सनसारखे टॅकल. ईगल्सवाले भाऊबंद हे उदाहरण देऊन म्हणतात की बघा, रनिंग बॅक लागतोच. लागतो, कोण नाही म्हणतंय? पण ईगल्सनी त्याच्यासाठी एकही पिक खर्च केला नाही. लाइन आधी उभी केली, मग मोकळ्या बाजारातून तीन वर्षांसाठी पावणेचार कोटींच्या जरा वर पैसे मोजून तो आणला. जायंट्सनी आधी कळस चढवला आणि पाया शोधत बसले: त्याने पहिल्याच वर्षी धावून आणि झेलून मिळून दोन हजारांवर यार्ड काढले, आक्रमणातला सर्वोत्तम नवा खेळाडू (ऑफेन्सिव्ह रुकी ऑफ द इयर) ठरला, आणि टीम 5 जिंकली, 11 हरली.

याहून बोलकं उदाहरण डॅलसचं. 2014 मध्ये डिमार्को मरेने 392 कॅरींत 1,845 यार्ड काढले. पुढच्या वर्षी तो फिलाडेल्फियाला गेला, सरासरी 3.6 वर आली. डॅलसमध्ये त्याच्या जागी डॅरेन मॅकफॅडन, ज्याला बहुतेकांनी संपला म्हणून सोडून दिलं होतं, त्याने 1,089 यार्ड काढले, सरासरी 4.6. म्हणजे धाव तिथेच राहिली. तरीही टीम 4-12 झाली, कारण क्वार्टरबॅक टोनी रोमोचं कॉलरबोन मोडलं. आणि या सगळ्यावर डॅलसने उपाय काय काढला? 2016 मध्ये चौथ्या नंबरवर इझिकिएल एलियट! त्याने लीगमध्ये सर्वाधिक 1,631 यार्ड काढले हे खरं, टीम 13-3 झाली हेही खरं. पण त्याच ड्राफ्टमध्ये 135 व्या नंबरवर मिळालेला डॅक प्रेस्कॉट त्या वर्षी क्वार्टरबॅक होता, आणि पाचव्या नंबरवर बचावपटू जॅलन रॅम्झी जॅक्सनव्हिलला गेला होता. 2019 मध्ये एलियटला सहा वर्षांचे 9 कोटी दिले, 2023 मध्ये सोडून दिला.

पिट्सबर्गचा लेव्हियॉन बेल 2018 मध्ये पगारावरून पूर्ण सीझन घरी बसला. तिसऱ्या राउंडमधल्या जेम्स कॉनरने 13 सामन्यांत 973 यार्ड आणि 12 टचडाउन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं) काढले. बेलसारखा झेल त्याला जमत नव्हता, पण धावेत फारसं अडलं नाही.

मग रनिंग बॅक मिळतात कुठे? दुसऱ्या-तिसऱ्या राउंडमध्ये. निक चब 35, जोनाथन टेलर 41, डेरिक हेन्री 45, ॲल्विन कमारा 67, करीम हंट 86. कॅन्सस सिटीचा आयझाया पचेको 251 व्या नंबरवरचा, म्हणजे ड्राफ्ट संपता संपता. पहिल्याच वर्षी 830 यार्ड आणि सुपर बोल. त्याने ज्याची जागा घेतली तो क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर 2020 च्या पहिल्या राउंडमधला शेवटचा पिक होता. टीमने त्याचं पाचवं वर्षही घेतलं नाही.

पण ही यादी दाखवून कुणी म्हणालं की कुठल्याही राउंडमध्ये डोळे मिटून घ्या, तर तेही चूक. 2013 आणि 2014 मध्ये पहिल्या राउंडमध्ये एकही रनिंग बॅक गेला नाही. 2014 मधला सगळ्यात पहिला बिशप सँकी 54 व्या नंबरचा, दोन सीझनमध्ये त्याचा खेळ आटोपला. उशिरा घेतलेल्यांतले बरेच असेच गळतात. म्हणून शहाणी टीम एकाच्या भरवशावर बसत नाही: एक तिसऱ्या राउंडमध्ये, एक पाचव्यात किंवा सहाव्यात, आणि जोडीला पासच्या वेळी क्वार्टरबॅकला राखता येणारा एखादा जुना माणूस स्वस्तात. तिघांत मिळून खर्च पहिल्या दहातल्या एकाहून कमीच येतो.

नुसत्या चुकीच्या निवडीचा नमुना हवा असेल तर ट्रेंट रिचर्डसन. 2012 मध्ये क्लीव्हलँडने चौथ्यावरून तिसऱ्यावर सरकायला आणखी तीन पिक मोजले. पुढच्या सीझनचे दोन सामने झाल्यावर त्याला इंडियानापोलिसला विकला. कारकिर्दीची सरासरी 3.3. गंमत म्हणजे त्या व्यवहारात क्लीव्हलँडच फायद्यात राहिलं, पहिल्या राउंडचा पिक मिळाला.

झीजही विसरू नका. सत्ताविशी ओलांडली की बहुतेक बॅक उतरणीला लागतात, आणि पहिला करार संपतो तो नेमका त्याच सुमारास. म्हणजे त्याची चांगली वर्षं तुम्ही स्वस्तात वापरून घेतलीत तर ठीक. दुसरा मोठा करार देणं म्हणजे सरलेल्या वर्षांचे पैसे मोजणं. रॅम्सनी टॉड गर्लीला 2018 मध्ये 5 कोटी 75 लाखांचा करार दिला आणि 2020 मध्ये त्याला काढलं. गुडघा.

आता घ्यावा कधी? डेट्रॉइटने 2023 मध्ये बाराव्या नंबरवर जाहमिर गिब्ज घेतला तेव्हा टिंगल झाली होती. माझ्या मते तो पिक बरोबरच होता. लाइनवर टेलर डेकर, फ्रँक रॅग्नाउ, पेनाय सूएल होते. क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ जागेवर होता. आडदांड धावेसाठी डेव्हिड माँटगोमेरी आधीच आणला होता. गिब्जकडून हवं होतं ते झेल आणि वेग. 2024 मध्ये त्याचे धावून-झेलून 20 टचडाउन झाले. याच्या उलट क्रिस्चियन मॅकॅफ्री: 2019 मध्ये हजार यार्ड धावून आणि हजार यार्ड झेलून, असा विक्रम करणारा तो तिसराच, आणि कॅरोलायना 5-11. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत गेल्यावर तोच माणूस टीमला पुरेपूर कामी आला.

म्हणून आपल्या टीमचा नंबर येण्याआधी हे तपासा. लाइनचे पाचपैकी किमान चार जण पुढची दोन वर्षं करारात आहेत का? नसतील तर विषय संपला, टॅकल घ्या. क्वार्टरबॅक ठरलेला आहे का? मग बोर्ड, म्हणजे निवडायच्या खेळाडूंची यादी, बघा: या वर्षी दुसऱ्या-तिसऱ्या राउंडच्या लायकीचे चार-पाच बॅक असतील तर थांबण्यात काही जात नाही. पिक खाली सरकवायचा भावही काढा. डॅलसचे जुने कोच जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा पिकांच्या किमतीचा जुना तक्ता धरला तर आठवा नंबर 1,400 गुणांचा, विसावा 850 चा. फरक 550, आणि 550 म्हणजे बरोबर 35 वा नंबर, जिथे चब मिळाला होता. हल्लीचे तक्ते वरच्या नंबरांना एवढा भाव देत नाहीत, तरी अंदाजाला हा पुरतो.

पोरगा निवडताना चाळीस यार्डांची वेळ एकटी बघू नका, वजनासकट बघा. वजन पौंडात, गुणिले 200, भागिले वेळेचा चौथा घात. 100 म्हणजे बरा. बार्कली 233 पौंडांचा असून 4.40 सेकंदांत पळाला, त्याचे 124 येतात. 205 पौंडांचा पोरगा तेवढ्याच वेळात पळाला तर 109. कॉलेजात त्याने किती कॅरी घेतल्या तेही बघा. तिथली झीज कुठे जात नाही.

आणि पासच्या वेळी क्वार्टरबॅकला राखणं. यावर कोणी बोलत नाही, पण नवा बॅक तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) बाहेर बसतो तो यामुळेच. नियम असा की नजर आतून बाहेर जायची: सेंटर आणि त्याच्या शेजारचा गार्ड यांच्यामधून कोणी येतोय का ते आधी, कारण क्वार्टरबॅकपर्यंतचा तो सगळ्यात जवळचा रस्ता, मग कडेचा. बाहेरच्याला अडवायला धावला आणि मधून बचावातला लाइनबॅकर घुसला, तर महागातला क्वार्टरबॅक जमिनीवर. कॉलेजचे व्हिडिओ बघताना लांब धावा सोडा, तिसरा डाउन आणि सात यार्ड बाकी असलेले डाव काढून बघा. तो मैदानावर आहे का, असला तर उभं राहून टक्कर घेतो की खाली वाकून पायात घुसतो, यावरून बरंच कळतं.

एक गल्लत मात्र ग्रुपवर कायम होते. फँटसी लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम बनवायच्या खेळात, रनिंग बॅक पहिल्या राउंडमध्ये उचलणं हे बहुतेकदा बरोबरच असतं, कारण तिथे गुण यार्डांना आणि टचडाउनना मिळतात, हमखास वीस चेंडू मिळणारे बॅक लीगमध्ये थोडेच असतात, आणि तुम्हाला ना लाइनचे पगार द्यायचे असतात ना पाच वर्षांनी कॅप जुळवायची असते. तिथे बार्कली दुसऱ्या नंबरवर खुशाल घ्या.