घुबडाच्या गोळ्यांतले उंदीर: सोयाबीननंतरची खेप

सोयाबीन निघाल्यावर जुन्या गोदामातून गव्हाणी घुबडाच्या गोळ्यांची नवी खेप हाती आली. शिकारीची न पचलेली हाडं आणि केस घुबड गोळी करून ओकतं; ती उकलली की त्यानं काय खाल्लं ते कळतं. गोदाम इंदूरहून देपालपूरकडे जाताना लागतं, यापलीकडे पत्ता देणार नाही. दिवाळीच्या सुमारास घुबडांच्या मागे कसली माणसं लागतात ते आपण सगळे जाणतो.

सामान नेहमीचंच: हातमोजे, मास्क, कोमट पाणी, चिमटा, दहापट भिंग. भर एकच, चहाची जुनी गाळणी. काकूंनी ती देतानाच बजावलं, "आता ही तुझीच. परत ओट्यावर दिसली तर बघ!" सुटे दात मोरीत वाहून जात नाहीत, तेव्हा सौदा फायद्याचा.

नेटवरच्या ओळख-तक्त्यांचा जीव मात्र वोलमध्ये, म्हणजे उंदरासारख्या आखूड शेपटीच्या प्राण्यात, अडकलेला असतो. युरोपातल्या गोळ्यांत वोल भरपूर, म्हणून ते साहजिकच. तिथे फील्ड वोल आणि कॉमन वोल वेगळे करायला वरची दुसरी दाढ पाहतात. फील्ड वोलच्या दाढेला आतल्या अंगाने, मागच्या टोकाशी एक जास्तीचा कोपरा असतो. आपल्या माळव्यात वोल नाहीत, भारतातले वोल हिमालयात. तक्ता बाजूला ठेवला, नजर तेवढी उचलली: गोळीत रंग आणि शेपटी शाबूत नसतात, दात असतात.

चिचुंद्री सोपी. तिच्या कवटीला गालाची कमान नसते आणि पुढच्या दातांपासून मागेपर्यंत दातांची रांग सलग चालते. उंदरात पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा, आणि दात एकूण सोळाच.

या खेपेत खरी मजा आणली ती पटाशीच्या दातांवरच्या खाचेनं. वरच्या पटाशीवर उभी खाच दिसली की लोक लगेच 'जर्बिल' (उंदरांचाच एक भाईबंद) लिहून मोकळे होतात. आपल्याकडे जर्बिल आहेच, पण झुडपात राहणाऱ्या गोलुंडा उंदराच्या वरच्या पटाशीवरही खाच असते. म्हणून कवटी उलटी करायची. जर्बिलच्या कानाच्या हाडाचे फुगे चांगले टपोरे असतात आणि दाढांवर आडव्या पट्ट्या. गोलुंडाच्या दाढांवर उंचवटे दिसतात. म्हातारा प्राणी असेल तर उंचवटे झिजून सपाट होतात, तेव्हा भरवसा फुग्यांवर. एका कवटीत खाच स्पष्ट होती आणि फुगे लहान. भिंगाखाली दाढेचे उंचवटेही नीट उठून दिसले. तो गोलुंडा, या गोदामातला पहिलाच! खालच्या पटाशीवर खाच नसतेच, त्यामुळे नुसता खालचा जबडा हाती आला तर थेट दाढांकडे वळावं.

छोटी घूस तिच्या रुंद, दणकट पटाशीवरून आणि आखूड, भरभक्कम कवटीवरून कळते. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. गव्हाच्या शेतातली तिची बिळं ज्यांनी खणली आहेत त्यांना ती पुरती ठाऊक आहे.

लहान कवट्यांचं काम किचकट. उंदराचं पिल्लू की मोठी उंदरी? दाढ पडली असेल तर उत्तम, कारण वरच्या पहिल्या दाढेच्या जागी मुळांची भोकं मोजता येतात: 'मस' कुळीत, म्हणजे उंदरीत, तीन; 'रॅटस'मध्ये, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरात, पाच. शिवाय घरातल्या उंदरीची वरची पटाशी बाजूनं पाहिली तर टोकामागे पायरीसारखा कापा दिसतो. शेतातल्या लहान उंदरीत, म्हणजे मस बूडुगात, तो सहसा नसतो. फोटो काढताना कवटी अगदी आडवी ठेवा, जराशी तिरकी झाली की कापा गायब.

ब्रिटिश अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक वॉल्टर इलियटची १८३९ ची दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी यातल्या बऱ्याच प्राण्यांसाठी आजही वाचनीय आहे. शेतातली माणसं काय सांगतात ते त्यानं टिपून ठेवलं होतं.

मऊ केसांच्या शेतउंदराच्या, म्हणजे मिलार्डियाच्या, संशयित कवट्या वेगळ्या डबीत ठेवल्या आहेत. ग्वाल्हेर किंवा वडोदऱ्याकडे कुणाकडे पक्की ओळखलेली कवटी असेल तर वरच्या दाढांचा फोटो शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून पाठवा. पुढची खेप गहू निघाल्यावर.