अकरावे प्रकरण आणि कार्यालयातला बाक

माझ्या कादंबरीची पहिली दहा प्रकरणे अडीच महिन्यांत हातावेगळी झाली. नायिका सोलापूरच्या पूर्व भागातली विडी कामगार आहे, नवऱ्याचा यंत्रमाग घराला लागूनच आहे, आणि मागाचा खडखडाट थांबला की आता नवरा मारायला येणार म्हणून तिची छाती धडधडू लागते, एवढ्याच भीतीवर मी कथानक रचले. दहाव्या प्रकरणात ती आणि तिची धाकटी जाऊ सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पुण्याला मावशीकडे निसटतात. पुढे तक्रार, न्यायालय आणि शेवटचा सामना होता; तिथे माझे ज्ञान संपले.

कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारीत स्त्रीला मदत करणारे संरक्षण अधिकारी नेमके काय करतात, हे विचारायला आणि हिंसाचाराची नोंद होते त्या घटना अहवालाचा नमुना पाहायला मी एका सरकारी कार्यालयात गेले. "अर्जदार कोण?" असे लिपिकाने विचारले. अर्जदार कोणी नाही, कादंबरी लिहिते आहे, असे सांगताच त्याने पेन खाली ठेवले आणि लेखी पत्र आणायला सांगितले. दुसऱ्या खेपेस पत्र नेले, तर साहेब बैठकीला गेले होते. तिसऱ्या खेपेस त्या पत्राचा आवक क्रमांक विचारण्यात आला, जो त्यांनीच मला दिला नव्हता. (पत्र देताना आपल्या प्रतीवर पोच घ्यावी, हे मला तेव्हा कळले.) नायिकेला मी एका रात्रीत सोलापूरबाहेर काढले होते आणि स्वतः मात्र त्या बाकावरून हलत नव्हते, याचा मला संताप येत होता. शेजारी मांडीवर मूल घेऊन बसलेल्या बाईंनी विचारले, "तुमची कितवी खेप, ताई?" मी तिसरी म्हणाले. त्यांची पाचवी होती आणि त्या कादंबरी लिहीत नव्हत्या.

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या एका स्वयंसेविकेने मात्र वीस मिनिटांत सगळे उलगडून सांगितले. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील अर्जाची पहिली तारीख सामान्यतः 3 दिवसांच्या आत असावी लागते, कलम 23 प्रमाणे एकतर्फी अंतरिम, म्हणजे नवऱ्याचे ऐकण्याआधीच तात्पुरता, संरक्षण आदेश मिळू शकतो, आणि तो मोडल्यास 1 वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मग तिने कलम 27 सांगितले आणि माझा शेवटच कोसळला: पीडित स्त्री तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. न्यायालयाच्या आवारात नवरा दबा धरून बसला आहे आणि नायिकेला नाइलाजाने सोलापूरला परतावे लागते, असा माझा परमोच्च बिंदू होता. आता तिला परतायची गरजच उरली नव्हती. चार दिवस मी त्या कायद्यावरच रुसले. शेवटी नवऱ्याला पुण्याला आणले आणि मावशीच्या घरासमोर माग नसतानाही नायिकेला खडखडाट ऐकू येतो, असे लिहिले. हे प्रकरण आधीच्यापेक्षा भयंकर उतरले, असे मला वाटते.

स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे सांगायचे राहिले. आणि ज्या घटना अहवालाच्या नमुन्यासाठी मी तीन खेपा घातल्या, तो याच कायद्याच्या 2006 च्या नियमांना जोडलेला नमुना 1 आहे. कोणालाही वाचता येतो.