ज्येष्ठातले गुऱ्हाळ

एडिनबरामध्ये जून महिन्यात पहाटे साडेचारच्या सुमारास उजाडते आणि रात्री दहा वाजले तरी बाहेर दिवेलागणीची वेळ झाल्यासारखे वाटत नाही. उन्हाळ्यात इथल्या आणि आपल्या घड्याळांत साडेचार तासांचे अंतर असते, त्यामुळे कोल्हापुरातला छापखाना सकाळी दहाला उघडतो तेव्हा इथे साडेपाच झालेले असतात. गेले दोन महिने माझा दिवस डीटीपी करणाऱ्या मुलाच्या फोनने सुरू होतो आहे. "मॅडम, सातव्या प्रकरणात रफार पुन्हा पळालेत बघा," असे तो म्हणतो, आणि मी चहाचे आधण ठेवून लॅपटॉप उघडते. परदेशात राहणाऱ्या लेखिकेची सकाळ समुद्राकाठी फेरफटका मारण्यात जात असेल, अशी माझ्या भावजयीची समजूत आहे. ती मी मोडलेली नाही.

माझी पहिली कादंबरी १९९६ साली आली. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या माळ्यावर बसून मी ती लिहिली होती आणि माझे वय तेव्हा अठ्ठावीस होते. एक हजार प्रतींची ती आवृत्ती हळूहळू खपली. उरलेल्या दोनेकशे प्रती प्रकाशकांनी संस्था बंद करताना मला परत दिल्या, आणि मी त्या भावाच्या शाहूपुरीतल्या दुकानामागच्या खोलीत ठेवून इकडे निघून आले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पाणी ओसरल्यावर भावाने फोटो पाठवला, त्यात माझी कादंबरी विटांच्या थप्पीसारखी दिसत होती. पाने एकमेकांना चिकटून त्यांचा एकच ठोकळा झाला होता. "गुळाच्या ढेपा झाल्यात गं," असे तो फोनवर म्हणाला. कादंबरी गुऱ्हाळावरचीच असल्यामुळे आम्ही दोघेही हसलो, आणि फोन ठेवल्यावर मात्र मला रडू आले.

पुस्तक पुन्हा काढायचे ठरले तेव्हा पहिला प्रश्न हक्कांचा आला. माझ्यापाशी करार म्हणून प्रकाशकांच्या लेटरहेडवरचे एक पानी पत्र होते, त्यात मानधन दहा टक्के आणि मुदतीचा उल्लेख कुठेच नाही. वकील मित्राने सांगितले, की १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल, तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असे धरले जाते. म्हणजे कादंबरी २००१ सालापासून माझीच होती आणि मी वीस वर्षे उगीच संकोचत बसले होते. ज्यांची जुनी पुस्तके अशीच कुठे अडकून पडली आहेत, त्यांनी ट्रंकेतली पत्रे एकदा काढून नीट वाचावीत.

दुसरा प्रश्न प्रतीचा होता. १९९६ च्या फ्लॉप्या केव्हाच गेल्या होत्या आणि माझ्या हाताशी एकही धड प्रत नव्हती. शेवटी शिरोळ तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात एक मिळाली: जाड पुठ्ठ्याची बांधणी, कण्यावर निळे रेक्झिन, आत देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी. भावाच्या मुलाने तिथेच बसून मोबाइलवर सगळी पाने टिपून पाठवली. त्यातले पान ८७ उघडले आणि मी जागच्या जागी थांबले. समासात कुणीतरी पेन्सिलीने, जुन्या वळणदार अक्षरात लिहिले होते, "ज्येष्ठात गुऱ्हाळ? बाईंनी एकदा शिवारात यावे."

वाचकाचे बरोबर होते. आपल्याकडे गुऱ्हाळे दिवाळीच्या आगेमागे पेटतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत थंडावतात. माझ्या सातव्या प्रकरणात मात्र भर ज्येष्ठात चुलवाण धगधगत होते, काहिलीत रस उकळत होता आणि मृगाचा पहिला पाऊस त्यावर कोसळत होता. अठ्ठावीस वर्षांच्या पेठेतल्या मुलीला पाऊस आणि जाळ एकाच रात्री हवे होते. उसाला काय हवे असते, हे तिने कुणाला विचारले नव्हते.

मे महिन्यात मी कोल्हापूरला आले, ते बरेचसे ह्या एका ओळीमुळे. गच्चीवर कुरडयांची चादर, दुपारी दिवे गेलेले, माठात पन्हे, आणि संध्याकाळी पन्हाळ्याच्या बाजूने काळे होत येणारे आभाळ, असे आठ दिवस काढून मी ते वाचनालय असलेल्या गावी गेले. पेन्सिलवाले गृहस्थ कोण, हे काही कळले नाही. एका म्हाताऱ्या गुळव्याने मात्र मला त्याचे गुऱ्हाळ दाखवले. काहील पालथी घातलेली होती, छपराखाली चिपाडांचा ढीग वाळत पडला होता, आणि गार चुलवाणाच्या तोंडात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. "आता हिचा सीझन," असे तो म्हणाला. रस कधी राखाडी दिसतो, मळी कधी काढायची, भेंडीच्या रोपांचा चिकट रस घातल्यावर ती कशी वर येते, आणि पाक झाला हे थंड पाण्यात टाकलेल्या गोळीवरून कसे ओळखायचे, हे सगळे त्याने सांगितले. त्यातले पुष्कळसे माझ्या कादंबरीत बरोबर होते. चूक फक्त महिन्याची होती.

महिना बदलणे म्हणजे एक शब्द बदलणे, अशी माझी कल्पना होती. ज्येष्ठाचा चैत्र केला आणि त्याच्यामागोमाग सगळे प्रकरण हलू लागले. पोरगा जांभळे खात होता. चैत्रात जांभळे कुठली, म्हणून त्याच्या हातात कैरी दिली, तर त्याच्या निळ्या जिभेवरचा पुढचा विनोद गेला. मृगाच्या पावसाचा वळीव झाला, पण वळीव मृगासारखा रिमझिम नसतो. तो वारा घेऊन येतो आणि छप्पर उचलतो, म्हणून छपराची चार वाक्ये बदलावी लागली. नायिकेच्या आईला वटपौर्णिमेचा उपवास होता. चैत्री पौर्णिमेला आणायची म्हटली, तर त्या रात्री गुऱ्हाळावर माणूस कसा सापडणार? निम्मा गाव जोतिबाला सासनकाठ्यांमागे गेलेला असतो. दोन दिवस मी ह्या कोड्यापाशी अडून होते, आणि मग वहिनीने भाजी निवडता निवडता सहज सोडवले: "मग संकष्टी कर की." चैत्र वद्य चतुर्थी! उपवास राहिला, चंद्र उशिरा उगवतो म्हणून अंधारही राहिला आणि यात्रेला गेलेले गडी परतलेले आले. जुन्या मजकुरात मी घातलेले नवे वाक्य एवढेच आहे, की चुलवाणात जाळ घालणाऱ्याच्या सदऱ्यावर जोतिबाचा गुलाल अजून धुवायचा राहिला होता.

मृगाच्या लाल मखमली किड्यांचा एक परिच्छेद मात्र गेला. तो मला फार आवडत असे, आणि माझ्या शाळेतल्या बाईंनाही आवडला होता. त्याचे काय करावे, हे मला एडिनबराने सुचवले.

इथल्या मुख्य रस्त्यावर वॉल्टर स्कॉटचे स्मारक आहे, १८४४ साली पूर्ण झालेले, सुमारे २०० फूट उंच आणि धुराने काळवंडलेले. जवळच्या रेल्वे स्थानकाला त्याच्या कादंबऱ्यांचे नाव आहे. कादंबरीकाराला असे भाग्य आपल्याकडे एसटीच्या थांब्यापुरतेही मिळत नाही. पण मला स्कॉट जवळचा वाटतो तो त्याच्या कर्जामुळे. १८२६ साली त्याचा प्रकाशक आणि ज्यात त्याची भागीदारी होती तो छापखाना, दोन्ही बुडाले आणि त्याच्या डोक्यावर सुमारे १ लाख २० हजार पौंडांचे देणे आले. दिवाळखोरी पत्करण्याऐवजी त्याने लिहून फेडायचे ठरवले, आणि नव्या लेखनाबरोबरच जुन्या सगळ्या कादंबऱ्या पुन्हा काढल्या. १८२९ ते १८३३ ह्या काळात त्यांचे ४८ खंड आले, दरमहा एक, किंमत पाच शिलिंग. जुन्या छापील प्रतींमध्ये कोरी पाने बांधून घेऊन त्यांवर तो दुरुस्त्या, टिपा आणि प्रस्तावना लिहीत असे. त्या प्रती इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. शेवटचे खंड निघाले तेव्हा तो हयात नव्हता.

त्याची ती रीत मी उचलली. किड्यांचा परिच्छेद, मूळ महिना आणि समासातली ती पेन्सिलची ओळ, हे सगळे शेवटी एका टिपेत दिले आहे. बाकी मजकुराला हात लावलेला नाही. एका नामापुढे तीन-तीन विशेषणे लावण्याची तेव्हाची खोड आज वाचताना मलाच खुपते, पण ती चूक नव्हे, तो त्या मुलीचा आवाज आहे, आणि तिच्या वाक्यांवर आज मी इस्त्री फिरवावी हे मला पटत नाही. जुनी कादंबरी नव्याने लिहून तिला "सुधारित आवृत्ती" म्हणणाऱ्यांशी माझे याबाबत कधीच जमलेले नाही.

आता रफारांविषयी. मोबाइलवर टिपलेल्या पानांवरून संगणकाने मजकूर उचलला खरा, पण त्याला "ख" दिसला की तो "रव" वाचतो, त्यामुळे माझा नायक भाकरी खाण्याऐवजी रवात राहिला. "घर"चे "धर" झाले, "भाऊ"चे "माऊ". सगळ्यात मोठा घोळ मात्र पुस्तकाच्या विषयाचाच झाला: "गुऱ्हाळ" हा शब्द २१४ ठिकाणी "गुर्हाळ" असा उमटला, कारण मराठीतल्या ह्या आडव्या, अर्ध्या र ला संगणकात वेगळा र टंकावा लागतो आणि साधा घातला की तो उडी मारून ह च्या डोक्यावर बसतो. डीटीपीच्या मुलाने एका झटक्यात सगळे "र्ह" बदलून टाकले. तऱ्हा, वऱ्हाड आणि कऱ्हाड सुधारले; पण दहाव्या प्रकरणातल्या हेडमास्तरांची अर्हता "अऱ्हता" झाली. हे वाचून मी भल्या पहाटे एकटीच मोठ्याने हसले. त्या दिवशी बाहेर समुद्रावरून गार धुके आले होते. त्याला इथले लोक "हार" म्हणतात, आणि ऐन जूनमध्ये स्वेटर घालावा लागतो.

ह्या सगळ्यात नवी कादंबरी मार्चपासून चाळिसाव्या पानावर थांबलेली आहे. कादंबरीकाराचा उन्हाळा बहुधा असाच जातो. ऑगस्टमध्ये तर इथे लिहिणे अशक्यच होते, कारण १९४७ पासून चालत आलेला नाट्य-संगीताचा महोत्सव आणि १९८३ पासूनचा पुस्तक महोत्सव एकाच महिन्यात येतात, आणि दुधाची बाटली आणायला निघालेले माणूस वाटेतल्या गर्दीत दोन जाहिरातपत्रके हाती घेऊन परततेच. मी दर वर्षी एक-दोन लेखकांची भाषणे तिकीट काढून ऐकते. इथल्या लेखकांना सार्वजनिक वाचनालयातून त्यांचे पुस्तक कुणी घरी नेले, की सरकारकडून काही पेन्स मिळतात. तो कायदा १९७९ चा आहे आणि एका लेखकाला वर्षाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड मिळू शकतात. शिरोळच्या त्या प्रतीवरच्या तारखा मी मोजल्या होत्या. त्रेसष्ट भरल्या.

माझा हिशेब साधा आहे. नव्या आवृत्तीच्या ३०० प्रती, किंमत ३५० रुपये, मानधन दहा टक्के. सगळ्या विकल्या तर १०,५०० रुपये, म्हणजे मे महिन्यातल्या विमानाच्या तिकिटाचा एक कोपरा. छपाईचा कागद ह्या वेळी दुसऱ्या मजल्यावर ठेवला आहे, आणि पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीजवळ आले की कळवतो, असे भावाने सांगितले आहे.

गणपतीपूर्वी पुस्तक तयार होईल. पाच प्रती भाच्याबरोबर इकडे यायच्या आहेत. त्याला २३ किलोची मर्यादा आहे, आणि वहिनीने स्पष्ट कळवले आहे की आधी कांदा-लसूण चटणीचे दोन डबे आणि कुरडया, मग वजन उरले तर पुस्तके.